उचलायला ब्रदर आहेत ना

आमच्या वॉर्डातल्या ब्रदरच्या नाकावर कायम राग असायचा. मी त्याच्याबरोबर अकरा वर्षं काम केलं. नोकरीत मी त्याला आठ वर्षांनी सीनियर, त्यामुळे चारचौघांत तो मला सिस्टर म्हणायचा आणि औषधांच्या खोलीत ताई. सुरुवातीला मला वाटायचं, स्वभावच तसा, काय करणार. पुढे कळलं की त्यातला निम्मा राग आम्हीच त्याच्या पदरात टाकला होता. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

त्याची आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. वडील कारखान्यात लेथवर. घरी आले की दारातूनच "कशी आहे?" विचारायचे आणि आंघोळीला जायचे. बहीण लग्न होऊन गेलेली. हा एकोणीस वर्षांचा. आईला कुशीवर कसं वळवायचं, निजल्या निजल्या केस कसे धुवायचे, पाठीची कातडी लालसर दिसायला लागली की काय करायचं, हे सगळं तो आठवड्यातून एकदा येणाऱ्या नर्सबाईंकडून शिकला. चार वर्षांत आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. ती गेल्यावर त्यानं नर्सिंगला प्रवेश घेतला. वडील म्हणाले, "मुलगी असतास तर कौतुक केलं असतं." सहा महिने बापलेकांत अबोला होता.

वर्गात एकोणचाळीस मुली आणि हा एक. मुलींना कपडे बदलायला खोली होती. ह्यानं तीन वर्षं जिन्याखाली, झाडू आणि फिनाईलचे कॅन ठेवायच्या जागेत युनिफॉर्म चढवला. तक्रार केली तर मुख्य बाई म्हणाल्या, "एकट्यासाठी आता भिंत बांधू का?"

आमच्याकडे रुजू झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. आमचा वॉर्ड हाडांचा. मोडलेले खुबे, मोडलेल्या मांड्या, लोखंडी सळ्या लटकवलेले पाय. इथला माणूस स्वतःहून हलत नाही, त्याला हलवावं लागतं. मेट्रन बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि टाळीच वाजवली.

"चला, सुटलो! उचलायला माणूस आला."

"मॅडम, माझं ड्रेसिंग चांगलं आहे. जखमांचा वेगळा कोर्स केलाय मी."

"असेल, असेल. आधी सात नंबरच्यांना वर सरकवा बघू."

सात नंबरच्यांना त्यानं वर सरकवलं आणि तेव्हापासून नऊ वर्षं तो सरकवतच राहिला. पाच वॉर्डांत मिळून पुरुष नर्स हा एकटाच. पेशंट जड आहे, ब्रदरला बोलवा. ऑक्सिजनचा सिलिंडर हलवायचाय, ब्रदरला बोलवा. नातेवाईक पिऊन आलेत, शिव्या देतायत, ब्रदरला पुढे करा. प्रेत खाली न्यायचंय, लिफ्ट बंद आहे, ब्रदर कुठे गेले? एकदा चौथ्या मजल्यावरून मेट्रन बाईंच्या ऑफिसातलं कपाट हलवायला बोलावणं आलं. हा गेला, कपाट हलवलं, परत आला आणि औषधांच्या ट्रॉलीवर अशी मूठ आपटली की बाटल्या नाचल्या.

"ताई, हमालाला तरी लोक विचारून हाक मारतात."

मी हसले होते. मला ते विनोदी वाटलं होतं.

हात मात्र काय होता त्याचा! म्हाताऱ्यांच्या कातडीखाली शीर नुसती पळते. आम्ही तीन-तीनदा टोचायचो, हा डोळे मिटून बोटानं चाचपायचा आणि एका झटक्यात सुई आत. जखम तर तो वासावरून ओळखायचा. पण ड्रेसिंगला बसला की पाच मिनिटांत कुठून तरी हाक यायचीच. जखम उघडी, हातात चिमटा, आणि दारात कुणीतरी, "ब्रदर, दोनच मिनिटं." ते चिमटा खाली ठेवताना त्याचे दात आवळलेले दिसायचे.

पेशंट त्याला डॉक्टर म्हणायचे आणि आम्हाला "ए बाई". त्याचाही त्याला संताप. एकदा एका गृहस्थांनी शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंना पाणी आणायला सांगितलं आणि ह्याला विचारलं, "डॉक्टरसाहेब, सुट्टी कधी?" हा म्हणाला, "ज्यांना तुम्ही पाण्याला पाठवताय ना, त्यांना विचारा. मी नर्स आहे." गृहस्थ म्हणाले, "अरेरे." खरंच, अरेरे म्हणाले.

घरीही तेच. बायको बस कंडक्टर. सासरेबुवा पाहुण्यांना सांगायचे, जावई हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर आहे. ती पटकन म्हणायची, "नर्स आहेत. आणि मी तिकिटं फाडते. चहा घ्या."

एक मात्र खरं. एखाद्या बाईनं सांगितलं की मला पुरुषाचा हात नको, तर तो तिथल्या तिथे मागे व्हायचा. कपाळावर आठी नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "तिचं अंग आहे, ताई. तिनं नको म्हटलं की विषय संपला. माझं भांडण तिच्याशी कुठाय?"

मग तो सोमवार आला. बारा नंबरला एक बेकरीवाले होते, एकशे अडतीस किलो, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं होतं. सकाळपासून ह्यानं दहा जणांना उचललं होतं आणि आत्ता कुठे एका आजींच्या पायाच्या जखमेला हात घातला होता. मावशी, म्हणजे वॉर्डातल्या आमच्या आया, चादरी आणायला गेल्या होत्या. मोठे डॉक्टर राऊंडला निघाल्याचा निरोप आला. हाक मी मारली. दुसऱ्या कुणी नाही.

"ब्रदर, ये रे पटकन."

"मावशींना येऊ दे ना. दोघं लागतील."

"अरे, राऊंड आलाय! तू आहेस की."

तो आला. त्यानं बेकरीवाल्यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. मी काय करत होते? उशी धरून उभी होते. अर्ध्यात त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा. पण त्यानं पेशंटला सोडलं नाही. खुर्चीत टेकवलं, आणि मग स्वतः गुडघ्यांवर बसला तो बसलाच. राऊंडवाले डॉक्टर त्याला वळसा घालून पुढे गेले, कारण त्यांना वाटलं तो खाली काहीतरी शोधतोय.

मणक्यातली गादी सरकली होती. तीन महिने तो घरी पडून. मी भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आजींच्या जखमेचं पुढे काय झालं?" मला सांगता आलं नाही. कुणीतरी घाईत पट्टी गुंडाळली होती.

परत आला तो कमरेला पट्टा आणि हातात सर्टिफिकेट घेऊन. वजन उचलायचं नाही, कायमचं. मेट्रन बाईंनी कागद वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली आणि खरोखरच्या काळजीनं विचारलं,

"मग आता तुमचं करायचं काय?"

मी तिथेच होते. ब्रदरचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"काय करायचं म्हणजे? मी नर्स आहे! मला इंजेक्शन येतं, ड्रेसिंग येतं, पेशंट मरायला लागला तर मॉनिटरच्या आधी कळतं मला. नऊ वर्षांत एकदा तरी विचारलंत? माझी पाठ नोकरीला ठेवली होतीत का तुम्ही?"

"आवाज खाली. काही ठरेपर्यंत भांडारात बसा, चादरी मोजा."

भांडार म्हणजे तळघरातली खोली. तिसऱ्या दिवशी चादरींच्या गठ्ठ्यांमागे त्याला एक उंच वस्तू दिसली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. खाली चाकं, वर पोलादी दांडा, त्याला अडकवलेली कापडी झोळी. पेशंट उचलायचं यंत्र. बटण दाबलं की माणूस वर, दुसरं दाबलं की खाली. कोरं करकरीत.

त्यानं भांडारवाल्यांना विचारलं. ते सहज म्हणाले, "हे होय? सहा वर्षं झाली येऊन. वर विचारलं होतं मी. म्हणाले, राहू दे, कोण शिकत बसणार, उचलायला ब्रदर आहेत ना."

त्यानं यंत्र बाहेर ओढलं. तळघराच्या उतारावरून, तळमजल्याच्या कॉरिडॉरमधून, लिफ्टमधून, मागे फरपटणारं फाटकं प्लॅस्टिक घेऊन तो चालत राहिला. ओपीडीतले लोक बाकांवरून उठून बघायला लागले. त्यानं ते मेट्रन बाईंच्या दारात आडवं लावलं, असं की त्यांना बाहेर पडता येईना. मग कॉरिडॉरभर ऐकू जाईल असा ओरडला. काय काय म्हणाला ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "सहा वर्षं!" एवढं मात्र तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

गर्दीत आमच्या मावशीही होत्या. सत्तावन्नच्या, कमरेत वाकलेल्या. तो दम घ्यायला थांबला तेव्हा त्या म्हणाल्या,

"झालं तुझं? आता माझं ऐक. तू यायच्या आधी ह्या वॉर्डात कोण उचलत होतं रे?"

तो वळून त्यांच्याकडे बघायला लागला.

"मी आणि ती पलीकडच्या वॉर्डातली, जिला काठी लागते ती. तुझी पाठ गेली तर यंत्र निघालं. आमच्या गेल्या तेव्हा म्हणाले, वय झालं, घरी कामं कमी कर. हे मशीन तुझ्यामुळे नाही राहिलं भांडारात. बायकांच्या पाठीला किंमतच नव्हती, म्हणून राहिलं."

त्यानं यंत्राच्या दांड्यावरचा हात काढला. मग त्यानं बाजूची खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मावशी, बसा." त्या म्हणाल्या, "बसायला नाही आले, कामं पडलीत," आणि गेल्या.

यंत्र वॉर्डात आलं. चार दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी त्याला बोलावलं. प्रकरण मिटवायचं होतं. म्हणाले, वॉर्डाची इन्चार्जची जागा रिकामी होतेय, तुम्ही घ्या. पुरुष आहात, शिस्त लावाल. जागा माझी होती. आठ वर्षं माझा नंबर पुढे होता. तो मला हे सांगायला आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी वर्षं त्याचा राग बघत होते, त्या दिवशी कळलं राग म्हणजे काय.

"घे ना," मी म्हटलं. "पाठीला बरं. खुर्ची मिळेल."

"हो, बरंच पडेल," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? रात्रभर विचार केला." मग त्यानं खिशातून कागद काढला. नकाराचं पत्र होतं. सेवाज्येष्ठतेनं जिची आहे तिला द्या आणि मला ड्रेसिंग रूम द्या, एवढंच. "नीट लिहिलंय का बघ. माझं अक्षर रागात बिघडतं."

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. मात्र सोमवारी यंत्रावर एक पाटी चिकटवलेली दिसली: 'हे यंत्र फक्त पुरुष कर्मचाऱ्यांनीच वापरावे.' एका बोटानं बटण दाबायचं यंत्र! आणि अख्ख्या मजल्यावर पुरुष कर्मचारी एकच, त्याला उचलायची मनाई. मी पाटीपुढे उभी राहिले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नखांनी खरवडून ती पाटी मी फाडली. अर्धी निघाली. उरलेली ब्रदरनं स्पिरिट लावून पुसून काढली, अगदी जखम साफ करावी तशी कडेकडेनं.

दोघांनाही मेमो आले. तीन दिवसांत खुलासा द्या. आम्ही एकाच कागदावर खुलासा लिहिला: गेल्या पंधरा वर्षांत ह्या मजल्यावर कुणाची पाठ कधी गेली, त्या दिवशी कुणाला उचललं होतं, आणि नंतर ऑफिसनं काय सांगितलं. पहिलं नाव मावशींचं. त्यांनी स्वतः वाचून, दोन तारखा दुरुस्त करून सही केली. संध्याकाळपर्यंत एकतीस बायकांच्या सह्या झाल्या. ब्रदरची बत्तिसावी, सगळ्यात शेवटी. जागा उरली नव्हती, म्हणून त्यानं ती समासात आडवी केली.

मेमो मागे घेतल्याचं पत्र काही आलं नाही, पण पुन्हा कुणी विचारलंही नाही. दोन यंत्रं आणखी आली. मावशी आणि त्या काठीवाल्या बाईंना बसून करायचं काम मिळालं, तेही वर्षभर भांडल्यावर. इन्चार्जची जागा मात्र बाहेरून बदली करून आणलेल्या एका बाईंना दिली. मला नाही. त्या चांगल्या आहेत, पण ते मी विसरलेले नाही.

ब्रदरला ड्रेसिंग रूम मिळाली. सलग बसवत नाही, म्हणून उभ्यानंच काम करतो. दार आतून लावतो आणि हातात घेतलेली जखम बांधून होईपर्यंत, बाहेरून कुणीही, कितीही ठोठावलं तरी उघडत नाही.