एमआर लोग बाद में

मी एमआर. औषध कंपनीची बॅग घेऊन मीरा-भाईंदरभर डॉक्टरांच्या दारात उभा राहतो. आवाज बसला तेव्हा आधी हसण्यावारी नेलं. दिवसभर खोकल्याच्या औषधाचे गुण गाणाऱ्याचाच घसा बसावा, म्हणजे दिव्याखाली अंधार. बायको हळदीचं दूध द्यायची, मी आमचंच सिरप प्यायचो, आणि आवाज काही परत येत नव्हता. मग गिळताना टोचायला लागलं. तंबाखू मी केव्हाच सोडली होती, पण तिने मला सोडलं असेलच असं नव्हतं. तेव्हापासून घाबरलो ते घाबरलोच. कॅन्सर हा शब्द घरात काढला नाही. दाढी करताना मात्र मान चाचपून बघायचो.

खारीगावाजवळचे कान-नाक-घशाचे डॉक्टर माझ्याच भागातले. अनोळखी ठिकाणी जायची हिंमत नव्हती. बॅग आणि टाय घरी ठेवून त्यांच्याकडे गेलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी मान वरही केली नाही.

"एमआर लोग बाद में. पहले पेशंट होने दो."

मीच पेशंट आहे, असं सांगायचं होतं. घशातून नुसती खरखर निघाली आणि मी सवयीने भिंतीला टेकून उभा राहिलो. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी बसलो नाही. खरं सांगायचं तर उशीर होतोय हे बरंच वाटत होतं. आत जात नाही तोवर मी धडधाकट.

शेवटी बोलावणं आलं. डॉक्टर मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "बोल, काय नवीन?"

"सर, घसा."

"घशाचं मागच्या वेळी दाखवलंस ना?"

"माझा घसा, सर."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "बस," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो.

घशात दुर्बीण घालून ते स्क्रीनकडे बघत राहिले. एरवी मला मिनिटभरही न देणारा माणूस एवढा वेळ बघतोय, म्हणजे काहीतरी आहे, हे मला कळत होतं.

"छोटी गाठ दिसतेय," ते म्हणाले. "तुकडा काढून तपासायला पाठवू. आत्ताच मनाने काही ठरवून टाकू नकोस. उद्या बायकोला घेऊन ये."

मी उठलो. काहीतरी बोलायला हवं होतं. डॉक्टरांनी आपलंच औषध लिहावं म्हणून आम्ही सगळेच केबिनमधून निघताना जे म्हणतो, नेमकं तेच तोंडातून निघालं.

"सर, सपोर्ट असू द्या."

मी कानकोंडा झालो. एरवी या वाक्यावर ते बेल वाजवतात आणि पुढचा पेशंट आत येतो. आज बेल वाजली नाही.

"असेल," ते म्हणाले, आणि खुर्चीतून उठून मला सोडायला दारापर्यंत आले. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. भीतीने रडू फुटलं, आणि त्यालाही आवाज नव्हता.