मान हलवून चालत नाही

"अल्सरमधून आतल्या आत रक्त वाहून राहिलं. हिमोग्लोबिन फारच खाली आलं," डॉक्टर म्हणाले. अल्सर म्हणजे पोटात आतून पडलेली जखम आणि हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातली लाली, हे मला मागून कळलं. त्या वेळी मी फक्त "रक्त" एवढंच ऐकलं. आमचे हे स्ट्रेचरवर डोळे मिटून पडले होते. ओठ आणि दात एकाच रंगाचे दिसत होते.

आम्ही अंजनगाव सुर्जीकडचे. माझी नणंद शोभाबाई अकोल्यात जठारपेठेत राहते, म्हणून ह्यांना अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. ह्यांना काही दिवसांपासून डांबरासारखी काळी संडास होत होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गुडघा दुखायचा, म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणायचे आणि उपाशीपोटी घ्यायचे. तुमच्या घरी कोणी अशा गोळ्या घेत असेल आणि संडास काळी होत असेल, तर लाजू नका, वाट पाहू नका. आम्ही पाहिली आणि सकाळी हे मोरीपाशी रक्त ओकून पडले.

ह्यांना एंडोस्कोपीला नेलं. त्यात तोंडातून कॅमेऱ्याची नळी पोटात घालतात, जखम पाहतात आणि जमलं तर तिथेच बंद करतात. मी बाहेर बाकड्यावर बसले. शोभाबाई देवाचं नाव घेत होत्या. मला तेही सुचत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. "वाहणं थांबलं, पण गेलं ते भरून काढावं लागते. लगेच रक्त चढवतो. बीपी टिकून नाही राहिला."

ह्यांना वॉर्डात आणलं तेव्हा पहिली खाट दुसऱ्या कोणाला दिली होती, म्हणून वेगळ्या खाटेवर घेतलं. सुईमुळे हात सुजला होता, म्हणून मनगटावरची नावाची पट्टी कापली होती. हे भान नसल्यासारखे पडले होते. शोभाबाई खाली औषधं आणायला गेल्या. खाटेपाशी मी एकटी.

वॉर्डबॉय दिगंबरभाऊ रक्ताची पिशवी घेऊन घाईघाईनं आले. "गजानन इंगळे ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

वॉर्डातल्या सिस्टरांनी पिशवी स्टँडला अडकवली, पण नळी जोडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, पेशंटचं पूर्ण नाव सांगा."

आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी ते फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही पदर तोंडाशी धरून. मी म्हटलं, "पिंटीचे बाबा."

"पिशवीवर पिंटीचे बाबा लिहून नसते, ताई."

मी दिगंबरभाऊंकडे बोट केलं. त्यांनी विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, असं मला सांगायचं होतं.

"मान हलवून चालत नाही. हातावर पट्टी नाही, खाट बदलली, पेशंट बोलत नाही. मले तुमच्या तोंडून पाह्यजे."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा मुलगा ओरडला, "अवो सिस्टर, माणूस मरून राहिला अन् तुमी नाव काय इचारता! लावा ना!"

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. खाटेजवळचं बीपीचं मशीन वाजायला लागलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि पाय थंड पडले होते. रक्त डोळ्यांसमोर लटकत होतं. मला वाटलं, ही बाई हट्टापायी माझा संसार मोडते.

सिस्टर माझ्या अगदी जवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उखाणा घ्या लागलं तर. पण घ्या."

मी डोळे मिटले. "गजानन पुंडलिक इंगळे."

आवाज माझा मलाच परका वाटला. डोळे उघडले तर सिस्टरांचं बोट पिशवीवरच्या चिठ्ठीवर थांबलं होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "गजानन महादेव इंगळे."

 आमच्या वऱ्हाडात गजानन नावाची हाक मारली तर अर्धी गल्ली वळून पाहते. पण आडनावही तेच असेल, आणि त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात, त्यालाही रक्त लागेल, हे कोणाच्या मनात येणार?

दिगंबरभाऊंचा चेहरा उतरला. ते गप्प राहू शकले असते. पण लगेच म्हणाले, "सिस्टर, माह्या हातून झालं. दोन्ही पिशव्या संगंच आणल्या. दुसरी बाजूच्या वॉर्डात देऊन आलो."

"पळा! लावू देऊ नका!"

ते पळाले. दुसऱ्या सिस्टर फोनवर धावल्या. आमच्या सिस्टरांनी ही पिशवी खाली काढली, सलाइन मोकळं सोडलं, ह्यांचे पाय उचलून उशीवर ठेवले. डॉक्टर आले. ते कोणावर रागावले नाहीत, फक्त विचारलं, "तिकडे लागली?" कोणालाच माहीत नव्हतं. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर शरीर त्याच्याशी भांडतं, किडनी बंद पडते, माणूसही जातो. हे मला नंतर समजावलं. तेव्हा मी फक्त दाराकडे पाहत होते.

दिगंबरभाऊ आमची पिशवी छातीशी धरून आले. दम लागून बोलता येत नव्हतं. तिकडे नळी जोडायचीच बाकी होती.

दोघी सिस्टरांनी चिठ्ठी आणि फाइल एकमेकींना वाचून दाखवली. मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. रक्त थेंब थेंब सुरू झालं, तरी सिस्टर हलल्या नाहीत. अंगावर पुरळ येतं का, थंडी वाजते का, पाहत उभ्या राहिल्या. संध्याकाळी ह्यांनी पाणी मागितलं.

पुढे तपासणीला गेलो त्या दिवशी दवाखान्यात चांगलं काम करणाऱ्यांचा सत्कार होता. माया, सुरक्षितता आणि मिळून काम करणं, यासाठी. सिस्टरांना शाल आणि नारळ दिला. त्या माइकवर म्हणाल्या, "मी एक पिशवी थांबवली. दुसरी दिगंबरभाऊंनं थांबवली. ते गप्प बसले असते तर आज त्या गजाननभाऊच्या घरी काय असतं?"

मग त्यांनी मला बोलायला बोलावलं.  मला भाषण येत नाही. मी एवढंच म्हटलं, "त्या भाऊलेही वर बोलवा."

दिगंबरभाऊ भिंतीपाशी उभे होते. म्हणाले, "चूक माही हाये बाई. मले कायची शाल?" सिस्टर खाली गेल्या, त्यांना हाताला धरून आणलं आणि आपल्या शालीचं एक टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं. सगळे हसले, मग टाळ्या वाजल्या. भाऊ खाली मान घालून रडत होते.

परतताना एसटीत हे म्हणाले, "साऱ्या वॉर्डानं तुह्या तोंडून माहं नाव ऐकलं, अन् मीच तेवढा बेहोश. आता एकदा म्हण ना."

मी म्हटलं, "जित्ते आहात ना, तेवढं बस."