खरातकाकांची बारा पावलं

खरातकाका मैदान मोजत असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या कॉलेजातला अलिखित नियम होता आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. क्रीडा समितीत एक बाई असावी म्हणून माझं नाव घातलं गेलं आणि कुणालाच नको असलेला फुटबॉलचा संघ माझ्या गळ्यात पडला. ओळख करून घ्यायला सकाळी मैदानावर गेले, तर साठी ओलांडलेले एक काटकुळे गृहस्थ हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून सरळ रेषेत चालत होते. मी नमस्कार म्हटलं. त्यांनी एक हात वर केला, थांबले, डोळे मिटले आणि काही न बोलता वळून जिथून आले होते त्या टोकाला परत निघाले. एकशेदहापैकी त्र्याऐंशी पावलं झाली होती, ती माझ्या नमस्कारात वाया गेली. दुसऱ्यांदा पूर्ण मोजून झाल्यावर ते माझ्यापाशी आले, जय भीम केला आणि म्हणाले, "मॅडम, मोजताना बोलू नये. आकडा रुसतो."

आमचं मैदान खरं म्हणजे क्रिकेटवाल्यांचं. फुटबॉलचे लोखंडी गोलपोस्ट हंगाम संपला की उपटून जिमखान्यामागे टाकायचे आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा रोवायचे. कुठे रोवायचे, ते खरातकाकांची पावलं ठरवत. एक पाऊल म्हणजे एक यार्ड. मैदानाची लांबी एकशेदहा पावलं, गोलरेषेपासून पेनल्टीचा ठिपका बारा पावलं. मोजणी झाली की पांढऱ्या फक्कीच्या रेघा तेच ओढत, कुणाला हात लावू देत नसत. टेप आणून देऊ का, असं मी एकदा विचारलं. "कंपनीच्या टीमला नोकरीभर ग्राउंड आखून दिलं मी," ते म्हणाले. "टेप ताणली की लांबती. माझं पाऊल नाय लांबत."

ते मूळचे पिशोरचे. तरुणपणी वाळूजला कारखान्यात लागले, बजाजनगरात खोली केली आणि केरळातून आलेल्या एका फिटरकडून फुटबॉल शिकले. निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलेजच्या पोरांना फुकट शिकवायला येऊ लागले. स्कूटरच्या पायाशी चेंडूंचं पोतं, खिशात शिट्टी. पोरं त्यांना सर म्हणायला लागली तर म्हणाले, मी काय तुमाला परीक्षेचं शिकवतो का, काका म्हणा. स्वस्थ बसलेले मी त्यांना पाहिलेच नाहीत. सराव नसला तर गोलपोस्ट हलवून बघायचे, तेही झालं की मैदानातले खडे वेचायचे. त्यांच्यापाशी उभं राहिलं की आपल्यालाच काहीतरी करायचं राहून गेल्यासारखं वाटायचं.

आणि संघ? संघ हरायचा. मी आले त्याच्या आधीच्या वर्षी एकही सामना जिंकला नव्हता, मी आल्यावरही नाही. आमचं मैदान खडबडीत म्हणून इथे कुणी खेळायला यायचं नाही, सगळे सामने बाहेर. पहिली वीस मिनिटं पोरं बरी खेळायची. मग धापा टाकू लागायची, पास निम्म्यावर पडायचे आणि दुसऱ्या बाजूचे खेळाडू मोकळ्या रानात पळाल्यासारखे पळायचे. परतीच्या गाडीत पोरं कुरकुरत, की काका, त्यांचं ग्राउंड लई मोठं हाय. काका मागे वळून न बघता म्हणत, "हरणाऱ्याला ग्राउंड मोठंच दिसतं." हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते वर्गात, परीक्षा लांबलचक होती म्हणून तक्रार करणाऱ्या मुलांनाही ऐकवलं होतं.

आमचा गोलकीपर सोहेल, चिकलठाण्याचा. उंच आणि अबोल. गेल्या हंगामात त्याच्यावर चार गोल झाले, चारही लांबून. पुढे यायचा तर कमी यायचा, मागे राहायचा तर जास्त मागे. सामना संपल्यावर काकांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं. त्याला अंतर म्हणून कळत नाही, त्याच्या नजरेतच खोट आहे, असं म्हणाले. सोहेलने हातमोजे काढले, बाकावर ठेवले आणि निघून गेला. पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्या यादीवर मी सही केली. मला प्रॅक्टिकलला उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पोरगा नालायकच वाटला होता.

हंगाम संपल्यावर प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. अजून एक वर्ष देतो, म्हणाले. येत्या स्पर्धेत निदान एक सामना जिंका, नाहीतर गोलपोस्ट भंगारात आणि मैदान कायमचं क्रिकेटला. मी वाद घालणार होते, पण काकांनी मान डोलावली. एक मॅच, जास्त मागत नाही, एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी जिना उतरता उतरता मार्चपासूनचा सराव ठरवून टाकला. त्या वर्षी गोलपोस्ट काढलेच नाहीत, क्रिकेटवाल्यांशी भांडून तसेच ठेवले. रोज सकाळी सहाला काकांचा फोन यायचा, आज सात पोरं आलीत, आज नऊ. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मीही मोजायला लागले होते. भाजी फोडणीला टाकताना डोक्यात येई, की उजवीकडचा मुलगा परीक्षेमुळे गळाला तर त्याच्या जागी कोण.

जुलैत मैदानावर गवत वाढलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गवताच्या जाती मोजायला शिकवतात, त्यासाठी जमिनीवर तीस मीटरची टेप अंथरावी लागते. सरळ रेघ आयती मिळावी म्हणून मी गोलरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्याकडे टेप धरायला सांगितली. ठिपका जेमतेम साडेनऊ मीटरवर आला. तो अकरावर असायला हवा, एवढं तोपर्यंत मलाही पाठ झालं होतं. गवत राहिलं बाजूला. आम्ही मैदानाची लांबी मोजली. शंभर मीटर हवी, ती सत्त्याऐंशीसुद्धा भरली नाही. मग मला पोरांकडून ऐकलेलं आठवलं, की दोन-अडीच वर्षांपूर्वी वाळूजच्या रस्त्यावर काकांची स्कूटर घसरली होती. गुडघा सुजला होता, पण आठवड्यात ते मैदानावर हजर. लंगडतोय असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. पाऊल तेव्हाच आखडलं असणार. त्यांनी आकडा कधी चुकवला नाही. आमची पोरं मात्र दोन वर्षं लहान मैदानावर तयार होऊन मोठ्या मैदानावर हरत होती. आणि सोहेल जिथे उभं राहायला शिकला होता तिथेच उभा राहत होता.

तीन दिवस मी काकांना टाळलं. ते दिसले की मी वाट बदलायचे, त्यांचा फोन उचलायचे नाही. चौथ्या दिवशी स्वतःचाच राग आला. मैदानावर गेले, टेप अंथरली आणि सांगून टाकलं. आधी ते चिडले. टेप चिनी असेल, ताणली असेल, म्हणाले. मग हात मागे बांधले आणि टेपच्या कडेने गोलरेषेपासून बारा पावलं चालले. थांबले तिथे पायाशी वाकून आकडा वाचला. परत गेले, परत चालले, परत वाचला. मग तिथेच खाली बसले. मी काहीबाही बोलत सुटले, की गुडघ्यामुळे झालं, कुणाच्याही लक्षात आलं नसतं, अजून दोन-अडीच महिने आहेत. ते ऐकतच नव्हते. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"सोहेलचं घर चिकलठाण्यात कुठं हाय?"

तेव्हाच निघालो. स्कूटरला किक मारायला त्यांचा पाय उचलेना, म्हणून माझ्या गाडीवर मागे बसले. जालना रोडभर माझ्या मनात धाकधूक, की पोरगा तोंडावर दार लावणार. सोहेल वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेटच्या सळया कापत होता. काका ओट्याशी उभे राहिले आणि मशीन बंद व्हायची वाट पाहिली.

"सोहेल, तुझी नजर चांगली व्हती," ते म्हणाले. "माझं पाऊल आखडलं व्हतं. मी तुला समद्यांसमोर बोललो, आता समद्यांसमोरच सांगतो, चूक माझी हाय."

दुकानात वडील होते, दोन गिऱ्हाइकं होती. सोहेलने हातातली सळई खाली ठेवली. मग म्हणाला, "चाय लेते क्या काका?" चहा आला. यादीवर सही माझी होती, हे मी सांगितलं. त्याने नुसती मान हलवली. त्याला ते माहीत होतं. आम्ही उठलो तेव्हा तो काकांना म्हणाला, "आता हूँ काका. लेकिन पहले मेरे सामने टेप से नापो."

"टेप तूच धर," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या संघासमोर मैदान मोजलं गेलं. टेपचं एक टोक सोहेलच्या हातात, दुसरं माझ्या. काकांनी पोरांना काय झालं ते सांगितलं, काही झाकलं नाही. कुणी हसेल असं मला वाटलं होतं, पण आमचा सेंटर फॉरवर्ड फक्त "तरीच" म्हणाला. गोलपोस्ट उपटून मागे नेले. नवीन ठिपका पडला तेव्हा काका त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. मग त्यांनी पुन्हा हात मागे बांधले आणि नव्या अंतरावर आपली पावलं मोजली. चौदा भरली. "आता माझं चौदा म्हणजे पयलेचं बारा," ते म्हणाले. "आधी आपलं पाऊल मोजावं मॅडम, मग पोरांच्या चुका मोजाव्या. तुमी बी एकदा मोजून बघा. दरसाल एवढ्या पोरांना मार्क देता." मी हसले आणि वेळ मिळाला की मोजते म्हटलं.

मोठ्या मैदानावर पोरं पहिल्या आठवड्यात अक्षरशः आडवी झाली. काका बेजार होते, पण खूश. सकाळच्या फोनवर आता पोरांच्या संख्येबरोबर, शेवटच्या दहा मिनिटांत कोण पळत होतं तेही सांगत. गणपतीच्या आठवडाभर आधी एका सकाळी फोन वाजला नाही. मी साडेसहापर्यंत वाट पाहिली आणि मग मीच लावला. सुनेने उचलला. बूट घालायला पलंगावर बसले होते, एक बूट घातला आणि तसेच गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बजाजनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत संघातली सगळी पोरं आली होती, सोहेल सर्वांत मागे उभा होता. बाहेर पडताना त्याने मला विचारलं, की कल प्रॅक्टिस कितने बजे. मला ऑफसाइड अजून नीट कळत नाही. मी सहा म्हणाले.

परवा, गुरुवारी, पहिला सामना आहे. नवा प्रशिक्षक मिळाला नाही, शिट्टी माझ्या गळ्यात आहे. पोरं शेवटच्या दहा मिनिटांतही पळतात आता, आणि सोहेल असा पुढे येतो की समोरच्याला गोल दिसेनासा होतो. तरी जिंकू की नाही ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं मला सहन होत नाही. या आठवड्यात मी तो ठिपका चार वेळा मोजला. सोहेल न कंटाळता टेप धरतो. दर वेळी अकरा मीटरच भरतात.

आज पोरं गेल्यावर मैदानावर मी एकटीच राहिले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हात पाठीमागे बांधले आणि गोलरेषेपासून ठिपक्यापर्यंत चालले. मध्येच गेटवरून वॉचमनने हाक मारली, बंद करायचं का म्हणून. मी एक हात वर केला, मागे वळले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

माझी पंधरा भरतात. काकांना सांगायचं राहिलं.