आधी साहेबांना कळवा

माझी जीभ तिखट आहे, असं आमची सगळी हरिशंकरपुरम वसाहत म्हणते. म्हणू दे. आमचे पूर्वज इकडे उत्तरेत येऊन मराठी संस्थानिकांच्या दरबारात पूजा सांगणारे, आणि मी जन्मभर कोंबड्यांची डॉक्टर. आमच्याकडे अंडं करायचं झालं तर आजही वेगळी कढई काढावी लागते. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले तेव्हा माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं मला बोलावलं. फौजेतून सुटून आलेल्यांना कोंबडीपालनाचा छोटा धंदा काढून द्यायचा, शिकवायचं, आणि तो पायावर उभा राहीपर्यंत लक्ष ठेवायचं. पहिल्या तुकडीत तिघं होते, हुद्द्यानं वरून खाली: एक सुभेदार, एक हवालदार आणि एक नाईक. सुभेदार आणि नाईक आपले मराठी, पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी करणाऱ्या घरातले. हवालदार इकडचाच हिंदीभाषी, भिंडकडचा.

नाईक तिघांत लहान. जवानाला फौज लवकर सोडते. चाळिशीच्या आतच तो घरी बसला होता. मुरारच्या पलीकडे वडिलांनी ठेवलेला जमिनीचा तुकडा होता, शेड तिथेच बांधायची ठरली. विटा, पत्रे, जाळी, सगळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं स्वतःच्या हातांनी उभं केलं. त्याच्याबरोबर सुटलेले बहुतेक जण सिटी सेंटरमधल्या शोरूमच्या नाहीतर बँकांच्या दारात निळ्या गणवेशात उभे होते. त्यालाही सिक्युरिटी कंपन्यांचे फोन यायचे. पहिल्याच भेटीत तो मला म्हणाला, “मॅडम, एक वर्दी इज्जतीनं उतरवली. आता दुसऱ्या कुणाची अंगावर चढवणार नाही. म्हणून हे जमायलाच पाहिजे.”

मी म्हटलं, का नाही जमणार? आणि खरंच, असे विद्यार्थी मला आयुष्यात मिळाले नव्हते. एकदा सांगितलं की झालं. पाणी बदलायचं म्हणजे बदलायचं, पिल्लांखालचा भुसा उलटायचा म्हणजे उलटायचा. शेडभोवती चुन्याची रेघ इतकी सरळ की दोरी लावून मारली असेल. गावोगावच्या कोंबडीवाल्यांशी डोकं फोडून थकलेली मी, मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

पण तिघांनी गट केला म्हटल्यावर गटाचा प्रमुख सुभेदार, हे कुणी ठरवलंच नाही. ते आपोआप ठरलं होतं. त्यांनी टोपी बाजारातून पाटी रंगवून आणली; वर त्यांचं नाव हुद्द्यासकट, खाली हवालदाराचं, त्याखाली नाईकाचं. पाण्याची भांडी कमी पडत होती आणि हे पाटी घेऊन आले! मी बोलले, सुभेदार गोड हसले. माणूस वाईट नव्हता, तेच तर दुखणं आहे. रोज ठरलेल्या वेळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, शेडच्या दाराशी उभे राहायचे, हवालदार त्यांना सगळं ठीक असल्याचं सांगायचा, आणि ते परत जायचे. पिल्लांना हात फक्त नाईक आणि त्याची बायको लावायची. बायकोचं नाव पाटीवर असण्याचा प्रश्नच नव्हता.

पिल्लांनी चांगलं अंग धरलं. मी रोज जायचं बंद केलं, फोनवर विचारपूस करू लागले. सगळ्यांना बजावलं होतं की काही वेगळं दिसलं तर कुणीही मला फोन करा, कधीही करा.

मग एका सकाळी नाईकाच्या बायकोला भुशावर विष्ठेत रक्त दिसलं. पंख पाडून चार-दोन पिल्लं कोपऱ्यात बसलेली. हा रोग कोंबडीवाल्यांना माहीत असतो. भुसा ओला राहिला की होतो, आणि लगेच पाण्यातून औषध दिलं तर बहुतेक पिल्लं तगतात. उशीर झाला तर मात्र हात चोळत बसायचं. तिनं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं हवालदाराला सांगितलं. सुभेदार झाशीला पुतणीच्या लग्नाला गेलेले. हवालदार म्हणाला, साहेब मुलीकडचे आहेत, मांडवात त्यांना कोंबड्यांचं काय सांगायचं, येऊ देत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली पिल्लं मेली आणि बाकीच्यांनी मान टाकायला सुरुवात केली. नाईक पुन्हा हवालदाराकडे गेला. हवालदारानं सांगितलं, मी नोंद घेतली आहे. बायको नवऱ्याच्या मागे लागली होती की मॅडमना फोन करा. माझा नंबर त्याच्या खिशात होता.

सुभेदार परतले ते रात्री उशिरा, म्हणून त्यांना झोपू दिलं. सकाळी दाढी करून, शर्ट घालून, ठरलेल्या वेळी ते आले. पाहिलं, आणि मग मला फोन केला. थोडी कॅज्युअल्टी झाली आहे, म्हणाले.

मी पोचले तेव्हा शेडच्या बाहेर पोती भरून ठेवलेली होती. आत उरलेली पिल्लं एकमेकांवर रेलून बसली होती. औषध पाजलं, भुसा काढला, जिवाचं रान केलं, पण संध्याकाळपर्यंत तीही गेली. नाईक मागच्या बाजूला खड्डा खणत होता. हवालदार कडेला उभं राहून खड्डा किती खोल हवा ते सांगत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फावडं नाईकाच्या हातातून ओढून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, अरे, खिशात नंबर होता ना माझा? हात मोडले होते का?

तो खड्ड्यातच उभा राहिला. “मॅडम, साहेबांना न विचारता वर फोन केला असता तर कोंबड्या वाचल्या असत्या, हे मला माहीत आहे. पण मग या लोकांत मी तोंड कसं दाखवलं असतं?”

या लोकांत म्हणजे कोणत्या? दोन माणसं! एक झाशीला जेवून आलेला आणि एक कडेला उभा असलेला. फौजेनं त्याला सतरा वर्षं सांभाळलं, हे मला दिसत होतं. काय करून सोडलं, तेही त्या खड्ड्यात दिसलं.

सुभेदारांनी रीतसर चौकशी केली. हवामान खराब होतं, असं ठरलं. महिन्याभरात त्यांना एका सिक्युरिटी कंपनीत सुपरवायझरची जागा मिळाली आणि त्यांनी नाईकाला आपल्या हाताखाली लावून घेतलं. सगळी वस्ती म्हणाली, बघा, साहेबांनी आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही. मला मात्र रडूही येईना, इतका राग आला होता.

मी नाईकाच्या घरी गेले. म्हटलं, गट-बिट गेला खड्ड्यात, शेड तुझी, जमीन तुझी. संस्थेशी मी बोलते, पुढची पिल्लं तुझ्या एकट्याच्या नावावर घे, नोकरी सोड. तो अगदी मनापासून, मला समजावून सांगावं तसं म्हणाला, “एकट्याच्या शेडमध्ये काही झालं, तर मी रिपोर्ट कुणाला देऊ?”

मी चपला घालत होते तेवढ्यात त्याची बायको दारात आली आणि म्हणाली, ताई, पिल्लं मला द्या. तिच्या नावावर पिल्लं आली.

हिवाळ्यात एकदा तिचा सकाळीच फोन आला. ताई, तेच रक्त दिसून राहिलंय. मी तोंड धुऊन तशीच निघाले. पाण्यातून औषध दिलं, ओला भुसा दोघींनी बाहेर काढला. तिनं इतकं लवकर पाहिलं होतं की पाच-सहा पिल्लं सोडली तर सगळी दिवसभरात दाण्यावर चोची मारू लागली. ती हसत होती आणि मी तिच्यावर खेकसत होते की पाण्याची भांडी गळतात ती बदल. आनंद झाला की मला असंच बोलता येतं.

संध्याकाळी नाईक ड्युटीवरून आला. निळा गणवेश, खांद्यावर शिट्टीची दोरी. मला पाहून थबकला, चहा झाला का विचारलं. मग काय घडलं ते त्याला माहीत पडलं. त्यानं आवाज खाली आणून बायकोला विचारलं, “पहिले मला सांगायचं होतं ना?”

ती भांडं घासत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्ही कुणाला सांगितलं असतं?”

त्यानं बूट काढले आणि शेडच्या दाराशी गेला. मला वाटलं, आत जाईल, पिल्लांना हात लावील, ज्यासाठी त्यानं हा सगळा खटाटोप केला होता. पण आपल्याच हातांनी बांधलेल्या दारात तो उभा राहिला, टाचा जुळवल्या, आणि बायकोला विचारलं, आत जाऊ का?

ती म्हणाली, जा.