दुसऱ्यांदा घेतलेला घास

उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलान शहराच्या रस्त्यांवर फोटो काढण्यात माझा शेजारी झाकिरजान म्हातारा झाला. बेसावध माणसांचे फोटो त्याला कच्चे वाटत. "जरा पुन्हा करा हो," हे त्याचं पालुपद.

आमच्या गल्लीतल्या शराफत आपाचा मुलगा दानियार कामासाठी रशियाला निघाला, तेव्हा दारातच त्याने रोटीचा घास तोडला. दूर निघालेल्याची उरलेली उष्टी रोटी आम्ही भिंतीवर टांगतो. परत आल्यावर त्यानेच ती संपवायची. झाकिरजानने फोटो घेतला, पण दानियारला रडू फुटलं होतं. झाकिरजानने तो फोटो कॅमेऱ्यातून पुसून टाकला.

"दुसरी रोटी घे, लेका. हसत चाव. नवरदेव दिसला पाहिजेस!"

"काका, घरातून एकदाच निघतात," दानियार म्हणाला. तरी हसला, चावला आणि गेला. आपाने दोन्ही रोट्या टांगल्या.

चार वर्षं झाली. फोन नाही, पत्र नाही.

मागच्या हिवाळ्यात आपाने झाकिरजानला बोलावलं. "रोज पहाटे पावलं वाजतात रे. उंबऱ्याशी येतात आणि मागे फिरतात. यातली त्याची खरी रोटी कोणती, सांग. तीच पानात ठेवते."

दोन्ही रोट्या सारख्याच काळ्या पडल्या होत्या. पुसलेल्या फोटोत खरी ओळखता आली असती.

"नाही आठवत, आपा."

"मग पहाटे येऊन बस. तूच विचार त्याला."

तेव्हापासून तो तिच्या उंबऱ्यावर बसतो. काल पहाटे नमाजाला जाताना मी त्याला हाक मारली, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या पाठीमागे बघत मला वाटेतून बाजूला सरकायची खूण केली.