अण्णांचे न पडणारे डबे

रस्त्यात दिसलेला कचऱ्याचा डबा गुडघ्याने ढकलून पाहिल्याशिवाय अण्णा पुढे जात नसत. अगदी लग्नाला निघालेले असले तरी. डबा डुगडुगला की म्हणत, "आषाढाच्या वाऱ्यात हा झोपणार बघ." तोवर काकू दहा पावलं पुढे गेलेल्या असत.

बंगळूरजवळ आनेकलला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं; बागांसाठी बाकं, डबे बनत. मी तिथे ड्रॉइंग काढायचो. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नड कधी सुरू होई ते त्यांनाही कळत नसे. माझ्या पुणेरी मराठीला ते 'इस्त्रीची' म्हणत.

तळ्याकाठच्या एका बागेचं काम आलं. वारा तिथे मोकाट. तळाशी काँक्रीट भरून डबे जमिनीत पक्के करू, असं मी सुचवलं. अण्णा खूश. आषाढात तिथे फांद्या मोडून पडल्या, आमचा एकही डबा हलला नाही. ते बघायला अण्णा मला स्कूटरवर घेऊन गेले.

तिथे सफाईचं काम करणाऱ्या मंगळक्का कमरेपर्यंत डब्यात वाकून हाताने ओला कचरा उपसत होत्या. डबा उपडा करायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. पाठ धरल्यामुळे त्यांचे दोन खाडे झाले होते आणि कंत्राटदार त्यांच्या जागी दुसरी बाई बघत होता. त्या कन्नडमध्ये शांतपणे म्हणाल्या, डबे चांगलेच आहेत अण्णा, फक्त ते रिकामे करावे लागतात.

वर्कशॉपमध्ये परत येताच अण्णांनी मला कंत्राटदाराला आणि बागेच्या समितीला पत्र टाइप करायला बसवलं. डबे सदोष आहेत, बदलून देतो, बाईंना काढू नका. असं लेखी दिलं तर इंदिरानगरचं पुढचं काम हातचं जाईल, असं मी म्हटलं.

"जाऊ दे की. माणसाला स्वल्प लाज पाहिजे. तू लिही."

काम गेलंच. मंगळक्का राहिल्या. नवे डबे आम्ही दोन खांबांमध्ये टांगले. वाऱ्यात कडी त्यांना धरून ठेवते, ती काढली की एका हाताने कलंडतात. कडीची उंची अण्णांनी मंगळक्कांनाच विचारून ठरवली.

गेल्या वर्षी अण्णा गेले. परवा फाइलमध्ये त्या पत्राची प्रत सापडली. 'डिझाइनची चूक सर्वस्वी माझी', आणि खाली त्यांची एकट्याची सही. काँक्रीटची कल्पना कुणाची होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती ओळ टाइप करताना माझंही नाव घालू का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. अण्णांनी ते मला कधीच बोलून दाखवलं नाही.