खुरूजवाल्या बाईंचे दोन बोर्ड

नात मला बरोबर चल म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सत्तावीस वर्षांची मुलगी, जेद्दातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, गाडी स्वतःची, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तोही स्वतःच्या नोकरीचा. अशा मुली खरेदीला आजीला नेत नाहीत. नेतात तेव्हा आजीची मंजुरी कुठेतरी लागणार असते.

"दादी, तुला माणसं कळतात ना, म्हणून."

"मला तूही कळतेस," मी म्हटलं आणि अबाया चढवला.

प्रकरण असं होतं. येत्या थंडीत ती दवाखान्यातल्या दोन मैत्रिणींबरोबर जॉर्जियाला बर्फात जाणार होती. स्नोबोर्ड ती तिथेच दोनदा जाऊन शिकली होती. तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि फळीवर उभं राहून घसरत खाली यायचं. या खेपेला पाळणे नसलेल्या डोंगरात जायचं होतं, आपल्या पायांनी चढून. त्याला स्प्लिटबोर्ड लागतो. ही फळी उभी दुभंगते. दोन पायांना दोन फाकी बांधून चढायचं, माथ्यावर त्या जोडून पुन्हा एक फळी करायची आणि उतरायचं. मला तर फाकलेल्या कुठल्याच वस्तूचा भरवसा वाटत नाही.

बापाला तिने सांगितलं होतं की उतार अगदी सौम्य आहेत, कुरणं आहेत, झाडी आहे. माझ्या मुलाने मला बाजूला घेतलं. "अम्मी, तू जाऊन बघ. तुला काही खटकलं तर मी नाही म्हणेन." म्हणजे पोरीचं जाणं माझ्या खटकण्यावर येऊन ठेपलं. सून घरात आल्यापासून एवढी सत्ता मला मिळाली नव्हती.

बोर्ड खुरूजवाल्या बाईंकडे होते. खुरूज म्हणजे देश कायमचा सोडून जाणं. त्याचा शिक्का बसला की माणूस घरातलं सगळं विकायला काढतो आणि आमची माणसं ते घ्यायला पोचतात. आमचा पहिला फ्रिज, पाळणा, पंखा, सगळं अशा जाणाऱ्यांचं. त्यातून मी एक शिकले. विकणारा वस्तूच्या ज्या बाजूवर हात टेकून उभा राहतो, ती बाजू आधी बघायची.

हे शहाणपण मी आईच्या पोटातून आणलेलं नाही. रत्नागिरीकडच्या खाडीकाठावरून इथे नवी आले तेव्हाची मी म्हणजे एक नंबरची बावळट. बिल्डिंगमधल्या बायका केकच्या गोष्टी करायच्या, तर मी ठोकून दिलं की आमच्या घरी दर आठवड्याला केक व्हायचा. जन्मात केक खाल्ला होता दोनदा, तोही दुसऱ्याच्या लग्नात. एक मिसरी, म्हणजे इजिप्तचं, कुटुंब खुरूजवर निघालं आणि मी हट्टाने त्यांचा कपाटाएवढा ओव्हन घ्यायला लावला. एकही केक फुगला नाही. मग मी त्यात गावाहून आलेला सुका जवळा ठेवायला लागले. एका जुम्म्याला आमच्या ह्यांना वाटलं, बायकोला मदत करावी, म्हणून त्यांनी आत न बघताच तो पेटवून ठेवला. वास चौथ्या मजल्यापर्यंत गेला. त्यानंतर केक कोणी मागितला नाही.

तर खुरूजवाल्या बाई लेबनॉनच्या, दातांच्या डॉक्टर. घरभर खोकी. भिंतीला दोन बोर्ड टेकवलेले. बाई नातीशी इंग्रजीत बोलत होत्या आणि नात मला मराठीत सांगत होती. मूळ वाक्यं लांबलचक आणि मराठी आखूड, हे माझ्या लगेच लक्षात आलं. एवढ्यात नातीला दवाखान्यातून फोन आला आणि ती गॅलरीत गेली. माझी अरबी बाजारातली आहे, पण चाळीस वर्षं मुरलेली आहे.

"हा कशाला आणि तो कशाला?" मी बाईंना विचारलं.

बाई खूश झाल्या. एक बोर्ड रुंद नाकाचा, हाताने दाबला की वाकणारा. भुसभुशीत बर्फावर तरंगतो, चुकलं तर सांभाळून घेतो, सौम्य उतारांसाठी. दुसरा अरुंद, ताठ, गुडघा देऊन दाबला तरी जेमतेम हलला. तो कडक बर्फाच्या उभ्या घळींसाठी. त्याच्या कडेवर बाईंचा हात होता. मी म्हटलं, हात काढा. खाली खरवडून बुजवलेली जागा होती, तळव्याएवढी.

"खडक," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी बसून खाली आले, खाला. वीस वर्षं डोंगरात जाते, तरी बसून आले."

त्यांनी मग कापडाच्या दोन लांब पट्ट्या दाखवल्या. चढताना त्या फळीच्या पोटाला चिकटवायच्या. मी हात फिरवला. एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. मी ओळखलं, ही मुशी माशाची पाठ. मुशी साफ करताना डोक्याकडून शेपटीकडे हात सुळकन जातो, शेपटीकडून आणला तर सोलून निघतो. फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही, ती याच करामतीने.

नात परत आली. बाईंनी आता अरबीतच विचारलं, "तू कशी चालवतेस? किती चढतेस, कसल्या उतारावर जातेस?"

पोरीने सरळ ताठ बोर्डाला हात घातला. "हा."

कुरणात आणि झाडीत जाणारी मुलगी घळीचा बोर्ड उचलते. मला वाटलं, सापडली. बापाला एक सांगितलं आणि बेत भलताच. मी तोंड मिटून बसले, कारण चोर आणखी थोडा पुढे जाऊ द्यावा.

"पट्टी लावून बघ," बाई म्हणाल्या.

नातीने पट्टी उचलली, क्षणभर उलटसुलट करून पाहिली आणि शेपटीकडचा हुक नाकाला लावायला निघाली. म्हणजे केस उलटे. त्या पट्टीवर ती एक पाऊल चढली नसती, उलटी मागे सरकत गेली असती. बाईंच्या भुवया वर गेल्या. मी बाईंना म्हटलं, "खम्स दकायक," म्हणजे पाच मिनिटं, आणि पोरीला दंडाला धरून बाहेर लिफ्टपाशी आणलं.

"मुशी उलटी धरलीस."

"काय?"

"तू यावर कधी चढलीच नाहीस. किती वेळा चढलीस?"

ती लिफ्टच्या बटणाकडे बघत राहिली. "एकदा पण नाही."

"मग घळीचा बोर्ड कशाला? बापाशी खोटं बोललीस?"

"पप्पांना सांगितलं तेव्हा कुरणच ठरलं होतं, दादी. मला कुरणातच जायचं आहे." मग हळू आवाजात, "खोटं त्या दोघींशी बोलले. त्या म्हणाल्या, आम्ही दर वर्षी जातो. मी पण म्हटलं, मी खूप चढलेय, स्टीप पण केलंय. मग त्यांनी एक उभी घळच ठरवली. गाइड नको म्हणाल्या. आता नाही कसं म्हणू?"

माझा संशय खरा होता, फक्त चुकीच्या घरी जाऊन बसला होता. मला तिला ओव्हनची गोष्ट सांगावीशी वाटली, पण ओव्हनमधून नुसता वास येतो. इथे पोर घळीत गेली असती, आणि वर थांबलेल्या दोघींना वाटलं असतं, हिला जमतं सगळं.

"मी घरी जाऊन तुझ्या बापाला काय सांगू, ते आता तूच ठरव," मी म्हटलं. "त्यांना फोन लाव."

"फोन नको. व्हॉइस मेसेज टाकते."

"टाक. पाठवायच्या आधी मला ऐकव."

ती पाठ फिरवून बोलली. इंग्रजीत, हसत, भराभर. मग मला ऐकवलं. माझं इंग्रजी औषधाच्या चिठ्ठीपुरतं आहे, पण खोटं बोलताना माणूस कुठे पळतो ते कुठल्याही भाषेत ऐकू येतं.

"पुन्हा लाव. मधलं एक वाक्य फार घाईत म्हणालीस. तिथे काय आहे?"

"की माझी प्रॅक्टिस थोडी कमी आहे."

"थोडी?"

"दादी, प्लीज."

"एकदाही चढलेली नाही, हे त्यात कुठे आहे?"

तिने मेसेज पुसला. जिन्यावरून एक माणूस खोकं घेऊन खाली गेला, त्याला तिने वाट करून दिली. मग पुन्हा बोलली. या वेळी हसली नाही आणि मध्ये दोनदा थांबली. मी कधी चढलेले नाही, तुमच्याशी खोटं बोलले, मला घळीत यायचं नाही, गाइड नसेल तर मी येणार नाही. अर्थ तिने मला मराठीतही सांगितला. मला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही.

"पाठव."

तिने पाठवला आणि फोन माझ्या हातात कोंबला, जणू विस्तवच. मेसेजखालच्या टिक्स निळ्या झाल्या. अर्ध्या मिनिटाच्या आत एकीचं उत्तर आलं. नात माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"ती म्हणतेय, चालेल, कुरणाकडेच जाऊ, गाइड पण घेऊ."

"राग?"

"नाही. हार्ट पाठवलंय."

पोर भिंतीला टेकून खाली उकिडवी बसली. मी मात्र त्या लाल बदामाकडे बघत राहिले. इतक्या चटकन कबूल? जिने घळ ठरवली, जिने गाइड नको म्हटलं, तिनेच? त्या दोघींतली एकही असल्या घळीत कधी उतरलेली नव्हती, अशी माझी खात्री झाली.

"रुंद नाकाचा घे," मी नातीला म्हटलं. "आणि ऊठ. तिघींनाही तसाच लागेल."